चोपता ते तुंगनाथ: एका रानजिरॅनियमची ओळख, कारणांसकट

शाळेत आम्हाला जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई आता निवृत्त आहेत आणि ऐन पावसाळ्यात हिमालयात जाणाऱ्या गटांबरोबर हौसेनं फिरतात. यंदा ऑगस्टमध्ये त्या उत्तराखंडात चोपत्याला होत्या. तुंगनाथहून खाली उतरल्यावर संध्याकाळी रेंज मिळाली तसे त्यांनी पाच फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, "फोनमधलं ॲप याला रोझॅन म्हणतंय. रानात रोझॅन कुठून येईल? तू बघ आणि कारणासकट सांग." रोझॅन म्हणजे जिरॅनियमचा बागेतला एक संकर. नुसतं नाव लिहिलेल्या उत्तराला बाई वर्गातसुद्धा अर्धेच गुण द्यायच्या.

म्हणून हे प्रकरण कारणांसकट मांडतो आहे. पावसाळी ट्रेकला हिमालयात जाणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत. निळ्या-जांभळ्या जिरॅनियमचे फोटो त्यांच्या फोनमध्ये हमखास असतात आणि त्यांतले बरेचसे भलत्याच नावाखाली साठवलेले असतात. याचं कारण साधं आहे: आपण फुलाचा फोटो काढतो आणि पुढे चालू लागतो. या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या या गटात, जीनसमध्ये) नुसत्या फुलावर निकाल लावायला गेलं की माणूस अडकतो. निकाल लागतो तो पेरावर, म्हणजे पान खोडाला जिथे जुळतं त्या जागी, आणि तिकडे कॅमेरा सहसा वळत नाही.

आधी जागा. चोपता साधारण २,७०० मीटरवर आहे. तिथून दगडी फरसबंदीची वाट खरसू ओक आणि बुरांशाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलातून वर चढते, झाडांची हद्द संपल्यावर कुरणात शिरते आणि ३,६८० मीटरवरच्या तुंगनाथाच्या मंदिराशी पोचते. गढवाल विद्यापीठाच्या उच्च पर्वतीय वनस्पतींवरील संशोधन केंद्राचं क्षेत्रकेंद्र याच डोंगरावर आहे. एवढ्याशा चढाईत ओलं जंगल, जंगलाची कड, झुडपांचा पट्टा आणि उघडं कुरण अशी चार घरं लागतात, आणि प्रत्येकातलं जिरॅनियम वेगळं असू शकतं. फोटो कुठल्या घरातला आहे हे कळलं की अर्धं काम होतं. बाईंनी पहिल्या तिन्ही फोटोंखाली "चोपता सोडल्यावर लगेच, ओकच्या सावलीत, उताराच्या कडेला" असं लिहिलं होतं. चौथा फोटो चोपत्यातल्या दुकानांमागच्या गवताळ कडेचा होता. पाचवा वरचा, झाडं संपल्यानंतरचा, आणि त्यात फक्त पानं होती.

पहिल्या फोटोत वरून टिपलेलं एकच फूल. पाच सारख्या पाकळ्या, रंग निळसर जांभळा, मधे पांढरं वर्तुळ, त्यातून बाहेर जाणाऱ्या गडद शिरा, मध्यभागी काळपट परागकोश. दुसऱ्यात तसंच फूल, पण मध्यभाग निराळा: परागकोश गायब आणि त्यांच्या जागी पाच लांब, काळसर, बाहेर वळलेले फाटे. तिसऱ्यात उतारावर पसरलेली पानांची गुंतवळ आणि तिच्यातून डोकावणारी कितीतरी फुलं. चौथ्यात गुलाबी फूल, तेही अगदी जवळून. फोटोत मोजमापाला काहीच ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे पहिलं आणि चौथं फूल एकाच आकाराचं भासत होतं.

हे जिरॅनियमच आहे का, हा पहिला प्रश्न. महाराष्ट्रात हे नाव दोन ठिकाणी ऐकू येतं: नर्सरीत कुंडीतल्या लाल-गुलाबी झुबक्यांना, आणि गेल्या काही वर्षांत शेतीच्या पानावर, सुगंधी तेलासाठी लावलेल्या पिकाला. ही दोन्ही झाडं प्रत्यक्षात पेलार्गोनियम आहेत, त्यांचं मूळ दक्षिण आफ्रिकेत. लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं १७८९ मध्येच त्यांची प्रजाती वेगळी केली, तरी बाजारानं जुनं नाव सोडलं नाही. फरक डोळ्यांनी दिसतो. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींपेक्षा आकारानं किंवा रेघांनी वेगळ्या असतात, आणि मकरंदाची नळी फुलाच्या देठाला चिकटून खाली उतरलेली असते. खऱ्या जिरॅनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या, मधे दहा केसर, आणि मकरंद पाकळ्यांच्या बुडाशी उघडा. बाईंचा पहिला फोटो मोठा करून केसर मोजता आले. दहाच होते.

इथे थोडं थांबायला हवं, कारण फूल नसतं तर हाच प्रश्न जिवावरचा झाला असता. पंजासारखी फाटलेली पानं त्या जंगलात एकट्या जिरॅनियमची नाहीत. ॲनिमोनची तशी असतात, डेल्फिनियमची असतात आणि ॲकोनायटमचीही, म्हणजे बचनागाच्या कुळातल्या त्या विषारी मंडळींची. त्यांतलं मीठा विष याच पट्ट्यातलं. दुसरीकडे जिरॅनियमच्या काही जातींची जाड मुळं पश्चिम हिमालयात औषध म्हणून खणली जातात. काश्मीरकडे त्यांना रतनजोतही म्हणतात, आणि त्याच नावानं अगदी वेगळ्या कुळातल्या आर्नेबियाची मुळंही विकली जातात. त्यामुळे गावातलं नाव ऐकून मूळ तोंडात घालण्यासारखा धोका नाही. फूल नसताना खोड बघावं. जिरॅनियमची खोडावरची पानं समोरासमोर येतात आणि देठांच्या बुडाशी उपपर्णं, म्हणजे पानासारखी छोटी अंगं, असतात. ॲकोनायटम आणि डेल्फिनियमची पानं एकाआड एक येतात आणि त्यांना उपपर्णं नसतात. पाचव्या फोटोकडे मी पुढे येईन, पण त्याबद्दल बाईंना लगेच कळवलं की या पानाला हात लावला असेल तर जेवण्याआधी साबणानं धुवा.

मग ॲपचं उत्तर. ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्यात एक धागा खरा होता. रोझॅन हा बागेतला संकर आहे. इंग्लंडमध्ये समरसेट परगण्यात वॉटरर दांपत्याच्या बागेत १९८९ मध्ये तो आपोआप उगवलेला सापडला. २००० मध्ये बाजारात आला आणि २०१३ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं चेल्सीच्या प्रदर्शनात त्याला शतकातलं झाड म्हणून निवडलं. युरोप-अमेरिकेतल्या बागांमध्ये तो इतका लावला गेला की इंटरनेटवर त्याचे फोटो अमाप आहेत. ज्याचे फोटो जास्त त्याच्याकडे ॲपचा कल झुकतो. पण रोझॅनचे दोन्ही पालक हिमालयातले आहेत: जिरॅनियम हिमालयेन्स आणि जिरॅनियम वॉलिचियानम. म्हणजे ॲपनं लेकराचं नाव घेतलं होतं आणि बाईंच्या समोर बहुधा पालकांपैकी एक उभा होता.

रोझॅन खोडून काढायला भूगोल पुरेसा आहे, केदारनाथ अभयारण्याच्या परिसरातल्या ओकवनात तो कोणी लावायला गेलं नसेल. तरी बाईंना कारण हवं होतं आणि ते तिसऱ्या फोटोतच होतं. डाव्या कोपऱ्यात, पानांच्या आड, दोन फळं दिसत होती, उभी, लांब चोच असलेली, बुडाशी फुगीर. रोझॅन वांझ आहे, त्याला बी धरत नाही. या झाडाला धरलं होतं.

त्या चोचीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. फळाच्या बुडाशी पाच कप्पे असतात, प्रत्येकात एक बी. प्रत्येक कप्प्याला वर चोचीच्या टोकापर्यंत गेलेली एक पट्टी जोडलेली असते. फळ वाळलं की या पट्ट्यांमध्ये ताण साठत जातो आणि एका क्षणी पट्टी बुडापासून सुटून वरच्या बाजूला गुंडाळली जाते. कप्पा त्या झटक्यात वर उचलला जातो आणि आतलं बी दूर फेकलं जातं. वाळलेल्या फळाच्या टोकाशी मग पाच वळलेल्या पट्ट्या लटकत राहतात. सप्टेंबरअखेर त्या वाटेनं गेलात तर त्या पट्ट्या बघायला विसरू नका, फुलाइतक्याच देखण्या असतात.

आता उमेदवार. निळं-जांभळं मोठं फूल असलेली चार नावं माझ्या डोळ्यांसमोर होती: प्रॅटेन्स, हिमालयेन्स, लॅम्बर्टाय आणि वॉलिचियानम.

प्रॅटेन्स सर्वात आधी गेलं. ते उघड्या कुरणाचं झाड आहे, ताठ उभं राहतं, त्याचं पान सात-नऊ भागांत जवळजवळ बुडापर्यंत चिरलेलं असतं आणि फुलोऱ्याचे देठ चिकट लव असलेले असतात. फूल गळल्यावर त्याचे देठ खाली वाकतात. बाईंच्या फोटोत ताठ असं काहीच नव्हतं, सगळं झाड उतारावर लोळत होतं, आणि पानांचे भाग रुंद होते. लॅम्बर्टायचं फूल उथळ वाटीसारखं असतं आणि मान खाली घालून असतं, रंगानंही फिकट. इथे फुलं सपाट उघडलेली आणि आकाशाकडे बघणारी. तेही गेलं.

उरले दोन्ही पालक. हिमालयेन्सचं फूल आणखी मोठं, चांगलं सहा सेंटिमीटरपर्यंत जाणारं, अधिक निळं. पान साधारण सात भागांचं. जमिनीखालून धावणाऱ्या मूलक्षोडानं ते सतरंजी पसरतं आणि त्याला उघडे उतार अधिक मानवतात. वॉलिचियानम एका जाड मूळखोडापासून दरवर्षी नवी, लांब, आडवी फांदी टाकतं आणि झुडपांच्या आधारानं पसरतं. त्याची खालची पानं पाच भागांची, वरची बहुतेक तीन भागांची. ते जंगलाच्या कडेला, सावलीत, साधारण २,१०० ते ३,६०० मीटरच्या दरम्यान भेटतं. जागा, चण आणि पान, तिन्ही वॉलिचियानमकडे बोट दाखवत होते. शिवाय पहिल्या फोटोत पाकळ्यांच्या टोकाला उथळ खाच दिसत होती; हिमालयेन्सची पाकळी टोकाला गोल असते.

रंगाला मी मुद्दाम वजन दिलं नाही. जांभळा रंग फोनचा कॅमेरा सर्वात वाईट पकडतो. ढगाळ उजेडात तो निळा दिसतो, उन्हात गुलाबीकडे झुकतो. त्यातून वॉलिचियानमचा स्वतःचा रंगही किरमिजी जांभळ्यापासून जवळजवळ निळ्यापर्यंत बदलतो. फक्त रंगावर हिमालयेन्स की वॉलिचियानम हे सांगणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवणार नाही.

तरी खात्रीचा पुरावा फोटोंमध्ये नव्हता. गट दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेवर थोडं फिरून मग निघणार होता. मी बाईंना लिहिलं, "बाई, एक फांदी उचलून धरा, तोडू नका. जिथे दोन पानं समोरासमोर येतात तिथे देठांच्या मधली जागा जवळून टिपा. खालून आणि बाजूनं, दोन्ही. आणि फुलाशेजारी दहा रुपयांचं नाणं धरा." अभयारण्यात झाड उपटायला कायद्यानं मनाई आहे, आणि ओळख पटवण्यासाठी उपटण्याची गरजही नसते. नाणं यासाठी की त्याचा व्यास ठरलेला आहे, २७ मिलिमीटर, आणि ते प्रत्येकाच्या खिशात असतं.

दुपारी फोटो आले आणि पहिल्याच फोटोनं प्रकरण मिटलं. पेराशी उपपर्णं होती ती बारीक, टोकदार, वेगवेगळी नव्हती. एकेक सेंटिमीटरहून मोठी, रुंद, पानासारखी, आणि दोन्ही बाजूंची जोडी मधे एकमेकींना जुळून गेलेली. पेराभोवती शर्टाच्या कॉलरसारखी ती उभी होती. पश्चिम हिमालयात एवढी मोठी आणि अशी जुळलेली उपपर्णं हीच वॉलिचियानमची सही आहे. हिमालयेन्सची उपपर्णं लहान आणि सुटी असतात. नाण्याशेजारच्या फुलानं उरलेली शंका काढली: पाकळ्या नाण्याच्या सगळ्या बाजूंनी बाहेर येत होत्या, फूल साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे या जातीच्या नेहमीच्या तीन ते चार सेंटिमीटरमध्ये बसणारं.

नाव ठरलं: जिरॅनियम वॉलिचियानम. ज्याच्या नावावरून ते आलं तो नॅथॅनियल वॉलिच कोपनहेगनमध्ये जन्मलेला शल्यवैद्य. १८०७ मध्ये तो बंगालमधल्या श्रीरामपूरच्या डॅनिश वसाहतीत आला आणि पुढे जवळजवळ तीन दशकं कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख राहिला. १८२०-२१ मध्ये तो नेपाळमध्ये वनस्पती गोळा करत होता. त्याच काळात रॉबर्ट स्वीट यानं इंग्लंडमध्ये या कुळावर सचित्र काम चालवलं होतं, आणि हे नाव त्यातच प्रसिद्ध झालं. म्हणजे चोपत्याच्या कडेला लोळणारं हे झाड गेली दोनशे वर्षं बागकाम करणाऱ्यांच्या ओळखीचं आहे. फक्त त्याच्या घरी जाणाऱ्यांना त्याचं नाव माहीत नसतं. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

आता दुसरा फोटो. बाईंना तिथे दुसरी जात दिसली होती, कारण फुलाचा मध्यभाग वेगळा होता. जात तीच आहे, वय वेगळं आहे. जिरॅनियमच्या अशा मोठ्या फुलांत केसर आधी पिकतात. परागकोश फुटतात, पराग कीटकांच्या अंगाला लागून जातात, मग परागकोश गळून पडतात. तोवर मधला किंजल्क मिटलेला असतो. नंतर तो पाच फाट्यांनी उघडतो आणि दुसऱ्या फुलाकडून आलेला पराग घेतो. फुलाचं फूल आधी नर आणि मग मादी, त्यामुळे स्वतःचाच पराग स्वतःवर पडण्याची शक्यता घटते. वॉलिचियानमचे हे फाटे विशेष लांब आणि काळपट असतात, म्हणून जुनं फूल नव्याहून इतकं निराळं दिसतं. एकाच झाडावरची दोन्ही अवस्थांतली फुलं टिपली तर हा घोटाळा होत नाही. बाईंनी दुसऱ्या दिवशी तशीच टिपली होती, न सांगता.

याच प्रजातीनं परागीभवनाच्या अभ्यासाला सुरुवात करून दिली, हे बाईंना माहीत होतं आणि त्यांनी मला ते शाळेतच सांगितलं होतं. युरोपातल्या डोंगरी जंगलांत जिरॅनियम सिल्व्हॅटिकम वाढतं. १७८७ मध्ये क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल या जर्मन शिक्षकानं त्याच्या पाकळ्यांच्या बुडाशी मऊ केस पाहिले आणि स्वतःला विचारलं की हे केस कशासाठी. मकरंदात पावसाचं पाणी मिसळू नये म्हणून, असं उत्तर त्यानं काढलं, आणि तिथून फूल आणि कीटक यांच्या नात्यावर तो पुढे काम करत गेला. तोही शाळेतला शिक्षक होता, ही गोष्ट सांगताना बाईंचा आवाज बदलायचा.

चौथा फोटो झटक्यात सुटला, बाईंनी दुसऱ्या दिवशी त्या फुलालाही लावलेल्या नाण्यामुळेच. गुलाबी फूल नाण्याच्या जेमतेम अर्ध्याएवढं भरलं, म्हणजे दीड सेंटिमीटरही नव्हतं. एका दांड्यावर दोन-दोन फुलं, बारीक लोळणारं खोड, उपपर्णं अरुंद आणि सुटी. हे जिरॅनियम नेपालेन्स, हिमालयात रस्त्याच्या कडांपासून शेताच्या बांधांपर्यंत सगळीकडे दिसणारं. नाव नेपाळचं असलं तरी ते निलगिरीच्या डोंगरांवर आणि श्रीलंकेतही आहे. उटीच्या परिसरात कुरणात वाकून पाहणाऱ्या मराठी प्रवाशाला ते भेटू शकतं. जवळून काढलेल्या फोटोत ते वॉलिचियानमची धाकटी बहीण वाटतं, म्हणून आकार कळल्याशिवाय दोघांचा निर्णय करू नये.

पाचवा फोटो सुटला नाही. झाडांच्या हद्दीवरचं पंजासारखं पान, फूल नाही, फळ नाही, पेर गवतात बुडालेलं. पान किती खोल चिरलंय हे दिसत होतं, पण तेवढ्यावर प्रॅटेन्स की मुळात जिरॅनियमच नाही, हे ठरत नव्हतं. पान खोडावर समोरासमोर आहे की एकाआड एक, हेही नाही. बाईंना मी तसंच लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, "मग कोरं ठेव. कोऱ्या जागेचे गुण मी कधी कापले नव्हते."

नोंद त्यांनी स्वतः केली आणि मला वाचायला पाठवली. जिरॅनियम वॉलिचियानम, चोपत्याच्या वर, ओकवनाची कड, ओला उतार, ऑगस्ट. लोळणारं खोड, जुळलेली मोठी उपपर्णं, खाचेच्या पाकळ्या, काळे परागकोश, फळ धरलेलं. त्याखाली नेपालेन्सची नोंद. पाचव्यासमोर फक्त उंची, जागा आणि "पुन्हा पाहणे: पेर, फूल".